कोंबड्यांनाही आंबोण हवे

दुभत्या म्हशीपुढे आंबोणाची पाटी ठेवल्यावाचून धार काढावयास बसणारी गृहिणी महाराष्ट्राच्या खेड्यांत विरळाच. पेंड, चुणी व कोंडा भिजवून ठेवला म्हणजे तो जनावरास रुचतो आणि पचतो, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. हिरवा मका हवाबंद मुरवून केलेला मुरघासही आता अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याच परसातील कोंबड्यांच्या वाट्यास मूठभर कोरडे धान्य येते, आणि त्यांना हगवण लागली की दुकानातून प्रतिजैविकाची पुडी आणली जाते. हा क्रम उलटा आहे. पुडीपूर्वी खाद्याचा विचार झाला पाहिजे.

कोंबडीच्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जंतू वस्ती करून असतात. त्यांतील काही अन्नपचनास साहाय्य करतात, तर काही रोग उत्पन्न करतात. उपकारक जंतूंनी जागा आधी व्यापली असेल, तर अपायकारक जंतूंस तेथे थारा मिळत नाही. फिनलंडमधील नुर्मी व रंटाला या शास्त्रज्ञांनी १९७३ साली हे दाखवून दिले. प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील जंतू नुकत्याच जन्मलेल्या पिलांना पाजले असता ती पिले साल्मोनेला रोगजंतूंना बऱ्याच अंशी दाद देईनाशी झाली. खुडुक कोंबडीखाली वाढणाऱ्या पिलास हे जंतू आईच्या सहवासातून मिळतात. यंत्रात उबविलेल्या पिलास ते मिळत नाहीत. म्हणूनच यंत्रातील पिलांच्या पोटाची काळजी अधिक घ्यावी लागते.

धान्य पाण्यात आंबविले असता दुधाचे दही करणाऱ्या जंतूंच्याच जातीचे जंतू त्यात वाढतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात व खाद्याचा सामू सुमारे ४.५ पर्यंत किंवा त्याहून खाली येतो. अशा आंबट खाद्यात अनेक रोगजंतूंचा टिकाव लागत नाही, आणि कोंबडीच्या गळ्यातील अन्नपिशवीतही तोच अटकाव सुरू होतो. नेदरलँड्समध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आंबविलेल्या ओल्या खाद्यावर वाढविलेली पिले साल्मोनेलाच्या संसर्गास कमी बळी पडली. दुसरा लाभ पोषणाचा आहे. धान्यातील स्फुरदाचा मोठा भाग फायटेटच्या रूपात बांधलेला असतो व तो कोंबडीस नीट पचविता येत नाही. भिजविण्याने व आंबविण्याने त्यातील काही भाग मोकळा होतो.

या गोष्टीस आज विशेष महत्त्व आहे. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी केली. भारत सरकारने २०१९ साली कोलिस्टिन या औषधाचा कुक्कुटपालनातील वापर बंद केला. औषधे वाटेल तशी वापरली म्हणजे रोगजंतू त्यांना जुमानत नाहीत, आणि अखेरीस माणसाच्या आजारातही ती निकामी ठरतात. पक्ष्यांचे पोट खाद्यानेच निरोगी राहील अशी व्यवस्था करणे हे म्हणूनच साऱ्या गावाच्या हिताचे आहे.

मात्र आंबविलेले खाद्य हे औषध नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे. ते मानमोडीच्या लसीची जागा घेऊ शकत नाही आणि रक्ती हगवण बरी करू शकत नाही. बुरशी लागलेले धान्य आंबविल्याने त्यातील विष निघून जाईल असा भरवसा धरू नये. असे धान्य टाकूनच द्यावे. जनावरांचे आंबोणही जसेच्या तसे कोंबड्यांना घालू नये, कारण सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल या द्रव्याने अंड्यातील बलक डागाळतो. हजारो पक्ष्यांच्या यांत्रिक शेडमध्ये ओले खाद्य रोज कालविणे व भांडी धुणे अवघड जाते. परंतु दहा-वीस पक्षी बाळगणाऱ्या घरास त्यात जड असे काहीच नाही.

पद्धत सोपी आहे. ज्वारी, मका किंवा तांदळाची कणी यांचा भरडा व थोडा गव्हाचा कोंडा मिळून एक किलो घ्यावा. त्यात सुमारे सव्वा लिटर स्वच्छ पाणी व अर्धी वाटी बिनमिठाचे ताजे ताक घालून मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात झाकून ठेवावे. तांब्या-पितळेचे भांडे वापरू नये. उन्हाळ्यात एका दिवसात व थंडीत दोन दिवसांत त्यास ताकासारखा आंबूस वास येतो. कुबट वास आला किंवा बुरशीचा रंग दिसला तर सर्व फेकून द्यावे. बाहेर चरणाऱ्या वीस कोंबड्यांना संध्याकाळी एवढे जोडखाद्य पुरते. तास-दीड तासात संपेल इतकेच वाढावे व भांडे लगेच धुवावे. बदल एकदम न करता आठवडाभरात हळूहळू करावा. शिंपल्यांचा चुरा व पिण्याचे पाणी निराळे ठेवावे.

या कामी ग्रामसेवकाने सभेत भाषण करण्यापेक्षा एका घरी प्रात्यक्षिक करून दाखविणे अधिक फलदायी होईल. एकाच खुराड्यातील निम्म्या कोंबड्यांना कोरडे व निम्म्यांना आंबविलेले खाद्य महिनाभर वेगवेगळे द्यावे. अंडी, मरतूक व विष्ठेचा घट्टपणा यांची नोंद ठेवावी व ती गावासमोर मांडावी. हे प्रात्यक्षिक स्त्रियांसमोर व्हावे, कारण परसातील कोंबड्या त्यांच्याच देखरेखीखाली असतात आणि अंड्यांचा पैसाही बहुधा त्यांच्याच हाती येतो. विरजण कसे लावावे हे त्या जाणतातच. त्या ज्ञानाचा उपयोग खुराड्यापर्यंत नेणे एवढेच विस्तारकार्याचे काम उरते. नोंदी प्रतिकूल आल्या तर त्याही प्रामाणिकपणे सांगाव्यात; शेतकऱ्याचा विश्वास एका हंगामाच्या अंड्यांपेक्षा मोलाचा आहे.