असमान वाढीचे मूल आणि आपली शाळा

निवासी शाळेत मूल दाखल करून घेताना आपण जन्मदाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन छायाचित्रे मागतो. मुलाचे दोन्ही पाय, दोन्ही हात सारखे वाढत आहेत काय, हा प्रश्न प्रवेशअर्जात बहुधा नसतो. शेकडो मुलांच्या बाबतीत तो विचारण्याचे कारणही पडत नाही. परंतु क्वचित एखाद्या मुलाचा एक पाय, एक हात किंवा चेहऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा झपाट्याने वाढू लागते आणि त्या मुलाचे पुढील सारे आयुष्य, ही गोष्ट कोणाच्या व केव्हा लक्षात आली यावर अवलंबून राहते. संस्थेच्या वाटचालीचा गौरव या स्मरणिकेत इतरत्र होत आहेच. आम्ही काही माजी विद्यार्थी व शिक्षक येथे या एका मुलाचा विचार मांडू इच्छितो. अशा मुलाला आपल्या शाळेत नुसता प्रवेश मिळून भागणार नाही. त्याच्या शरीराची नोंद ठेवण्याची आणि त्याला वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारीही शाळेने आपली मानली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अशा असमान वाढीची कारणे अनेक आहेत. त्यांतील सर्वांत दुर्मिळ आणि सर्वांत कठीण विकार म्हणजे प्रोटियस सिंड्रोम. त्याचे प्रमाण दहा लाखांत एकाहूनही कमी आहे. १९७९ मध्ये कोहेन आणि हेडन या संशोधकांनी त्याचे वर्णन केले. रूपे पालटणाऱ्या ग्रीक देवतेचे 'प्रोटियस' हे नाव त्याला १९८३ मध्ये जर्मन बालरोगतज्ज्ञ विडेमान यांनी दिले. जन्मतः असे मूल बहुधा इतर बाळांसारखेच दिसते. साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या सुमारास हाडे, त्वचा, चरबी यांची कोठेतरी बेसुमार वाढ सुरू होते आणि बालपणात ती वेगाने पुढे जाते.

या विकाराचे कारण २०११ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांना सापडले. तपासलेल्या २९ रुग्णांपैकी २६ जणांत एकेटी-१ या जनुकात एकच बारीक बदल आढळला. हा बदल आईकडून येत नाही आणि वडिलांकडूनही येत नाही. गर्भ अगदी प्रारंभीच्या अवस्थेत असताना त्याच्या एखाद्या पेशीत तो आपोआप घडतो. त्या पेशीपासून पुढे जेवढ्या पेशी तयार होतात तेवढ्यांतच तो उतरतो. बाकीचे शरीर निर्दोष राहते. म्हणूनच एक पाय वाढतो आणि दुसरा वाढत नाही. एखाद्या घरात असे मूल जन्मले म्हणून त्याच्या भावंडांना हा विकार होईल असे नाही. तो स्पर्शाने होत नाही आणि एका ताटात जेवल्यानेही होत नाही. वसतिगृहात राहणाऱ्यांनी ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

या विकाराचा इतिहास सांगताना जोसेफ मेरिक या इंग्रज तरुणाचे नाव घ्यावेच लागते. १८६२ मध्ये लेस्टर येथे जन्मलेल्या मेरिकचे डोके, उजवा हात आणि पाय विलक्षण वाढलेले होते; डावा हात मात्र नाजूक आणि निर्दोष होता. पोटासाठी त्याला स्वतःचे शरीर तिकीट लावून लोकांना दाखवावे लागले. 'हत्तीमाणूस' हेच त्याचे नाव पडले. १८८६ मध्ये लंडन हॉस्पिटलने त्याला कायमचा आसरा दिला. तेथे त्याने पुठ्ठ्याचे तुकडे जोडून चर्चची सुबक प्रतिकृती तयार केली. ती आजही जपून ठेवलेली आहे. ११ एप्रिल १८९० रोजी, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी तो वारला. त्याला प्रोटियस सिंड्रोम असावा, हे मत १९८६ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ९६ वर्षांनी पुढे आले. तिकीट काढून पाहणाऱ्या हजारो लोकांनी त्याच्या शरीरातील फरक पाहिला. मात्र पुठ्ठ्याचे तुकडे जोडणारा त्याचा हात कोणत्याही खेळात दाखविला गेला नाही. आज मोबाईलवर अशा मुलांची छायाचित्रे फिरविली जातात, तोही त्याच जातीचा खेळ आहे. आपल्या आवारात तो होता कामा नये.

'इतक्या दुर्मिळ आजारासाठी शाळेने का राबावे?' असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की असमान वाढ दिसणारे प्रत्येक मूल प्रोटियसचे नसते. कधी अर्धे अंग थोडे अधिक वाढते. त्याला डॉक्टर हेमिहायपरट्रॉफी म्हणतात. अशा काही मुलांत लहान वयात मूत्रपिंडाची विल्म्स ट्यूमर ही गाठ होण्याचा धोका असतो. म्हणून साधारण सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करण्याचा सल्ला दिला जातो. वेळीच सापडलेली ही गाठ बहुतेक मुलांत बरी होऊ शकते. धाकट्या भावंडांच्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. कधी केवळ दोन पायांच्या लांबीत फरक असतो. तो थोडा असल्यास बुटाचा तळ उंच करून भागते. तो मोठा असल्यास लांब पायाच्या गुडघ्याजवळील वाढीचा थर शस्त्रक्रियेने थांबविता येतो आणि आखूड पायाला बरोबरी गाठण्यास अवधी मिळतो. मात्र ही शस्त्रक्रिया मुलाची वाढ शिल्लक असेपर्यंतच उपयोगी पडते. दहावीचा निकाल लागल्यावर रुग्णालयात गेलेल्या मुलासाठी हा मार्ग बहुधा बंद झालेला असतो. शाळेच्या दिरंगाईची किंमत अशी थेट मुलाच्या हाडांतून मोजली जाते.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत ही दिरंगाई का होते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. घोड आणि भीमेच्या काठच्या उसाच्या फडात, रांजणगाव व कुरकुंभच्या कारखान्यांत रोजावर राबणाऱ्या आईबापांना पुण्याची एक फेरी म्हणजे ६५ ते ८० किलोमीटरचा प्रवास, बुडालेला रोज आणि रुग्णालयातील रांग. तज्ज्ञ भेटण्यासाठी दोन-तीन फेऱ्या पडल्या की उपचार आपोआप सुटतो. वर्षातील बहुतेक दिवस मूल ज्यांच्या नजरेसमोर असते, ते वसतिगृहाचे अधीक्षक, स्वयंपाकी ताई आणि वर्गशिक्षक. एका बाजूने झिजलेली चप्पल, एका पायाशी लोळणारी विजार, तिरका दिसणारा खांदा या गोष्टी आधी त्यांनाच दिसतात. गणवेश शिवणाऱ्या शिंप्यालाही त्या दिसतात. पण दिसलेले लिहून ठेवले नाही तर ते पुढच्या वर्षी कोणाच्या स्मरणात राहत नाही.

विलंबाचे दुसरे कारण आपल्या मनात आहे. ग्रहणात आईने विळी हाती धरली, मागील जन्मीचे पाप फळले, कोणाची तरी बाधा झाली, अशी कारणे आजही सांगितली जातात आणि मूल दवाखान्याऐवजी अंगारे-धुपाऱ्याकडे नेले जाते. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताचा परखड प्रतिवाद केला आहे. त्या ग्रंथाचे वाचन करणाऱ्या समाजात तरी एखाद्या आईला तिच्या मुलाच्या पायाबद्दल अपराधी ठरविले जाऊ नये. गर्भातील एका पेशीत घडलेल्या बदलाला ना तिची विळी कारण आहे, ना तिचे पूर्वकर्म.

आमच्या सूचना साध्या आहेत. दर सहा महिन्यांनी प्रत्येक मुलाच्या उंची-वजनाबरोबर दोन्ही पावलांची लांबी, दोन्ही पोटऱ्यांचा व दंडांचा घेर शिवणकामाच्या टेपने मोजून आरोग्यपत्रिकेत लिहावा. फरक वाढता दिसल्यास ती पत्रिका राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या वैद्यकीय पथकापुढे ठेवावी. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या या कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढील उपचारांसाठी पाठवणी यांची सोय आहे. तज्ज्ञांकडे जाताना एक शिक्षक पालकांसोबत असावा व त्या दिवसाचा प्रवासखर्च माजी विद्यार्थी संघाने उचलावा. पावलांची मापे निराळी असतील तर दोन मापांचे दोन जोड घ्यावेत आणि त्या जादा जोडाचे पैसे पालकांकडून मागू नयेत. मुलाचे छायाचित्र डॉक्टरांव्यतिरिक्त कोणाला पाठवू नये. आणखी एक गोष्ट अधीक्षकांनी भिंतीवर लिहून लावावी: प्रोटियसच्या रुग्णांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा मोठा धोका असतो. पाय एकाएकी सुजून दुखू लागला किंवा धाप लागली तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा.

'आमच्याकडे सोयी नाहीत' असे म्हणून अशा मुलाचा अर्ज परत करण्याकडे व्यवस्थापनांचा कल असतो. त्यामागे नेहमीच दुष्टावा असतो असे नाही. जबाबदारीची भीती असते आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासनमान्य शिक्षणसंस्थांनी अशा मुलांना भेदभावाविना प्रवेश देऊन त्यांच्या गरजेप्रमाणे सोयी करावयाच्या आहेत. खालच्या मजल्यावरची खोली, जिन्याला कठडा, थोडे रुंद बाक एवढ्याने पुष्कळ काम भागते. टेपने माप घ्यावयास तर कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मळात पडून होता आणि सोबत्यांनी त्याच्याकडे पाठ फिरविली होती. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः त्याला स्नान घातले आणि उचलून शय्येवर ठेवले. घर सोडून एकत्र राहणाऱ्यांना आईबाप जवळ नसतात, म्हणून त्यांनीच एकमेकांची शुश्रूषा करावयाची असते, असा उपदेश त्यांनी नंतर संघाला केला. वसतिगृहात वाढलेल्या आम्हांला या उपदेशाचा अर्थ निराळा समजावून घ्यावा लागत नाही. येत्या जूनमध्ये नव्या मुलांचे प्रवेश होतील. त्या दिवशी कार्यालयातील टेबलावर शिक्का आणि पावतीपुस्तकाशेजारी एक टेपही असावा, एवढी विनंती आम्ही संस्थेच्या कार्यकारिणीला या लेखाद्वारे करीत आहोत.