भार कोणी वाहावा?

धार आणि देवास ही नावे मराठी मनाला परकी नाहीत. पवार घराण्याच्या गाद्या तेथे नांदल्या. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला गेले ते तेथलेच झाले. त्याच वर्षी १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमात पुरुषवाचक शब्दाऐवजी ‘सर्व मानव’ असा शब्द आला, तो भारताच्या हंसाबेन मेहता यांच्या आग्रहामुळे. त्या शब्दाचा कस माळव्यातील या दोन जिल्ह्यांत लागला आहे.

देवास जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या डोक्यावरून मैला वाहणाऱ्या अनेक स्त्रियांनी गरिमा अभियानाच्या साथीने टोपल्या कायमच्या खाली ठेवल्या. वास्तविक, १९९३ च्या कायद्यानेच ही प्रथा निषिद्ध ठरविली होती. तरीही २०१२-१३ साली भोपाळहून दिल्लीपर्यंत मैलामुक्ती यात्रा काढावी लागली आणि २०१३ साली नवा कायदा करावा लागला. मधली वीस वर्षे हक्क कागदावर होता आणि टोपली डोक्यावर होती.

धारची हकीगत वेगळी, पण प्रश्न तोच. १९८४ साली भोपाळमध्ये वायुकांड घडविणाऱ्या कारखान्याचा ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये धार जिल्ह्यातील पीथमपूरला नेण्यात आला आणि जूनअखेर जाळण्यात आला. भोपाळकरांनी तो आणखी किती काळ उराशी बाळगावयाचा, हा प्रश्न रास्तच होता. परंतु लोकांना विश्वासात घेण्यासाठी सरकारने उच्च न्यायालयाकडे मुदत मागितली ती कचरा पोहोचून जनक्षोभ उसळल्यावर!

आपणांस जे नकोसे, ते दुसऱ्यावर लादू नये, असे आपली धर्मशास्त्रे सांगत आली. तरी जन्मावरून एका जातीच्या डोक्यावर मैला ठेवणारा समाजही आपलाच. ‘दुसरा’ म्हणून कोणाला मोजावयाचे, हे आपण आपल्या सोयीने ठरविले, हेच त्याचे कारण. दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. हक्काला कोणाची मर्जी लागत नाही. ज्याच्यावर भार पडणार, त्याला आधी विचारलेच पाहिजे आणि त्याच्या नकाराला उत्तर दिलेच पाहिजे. मानवी हक्कांचा नैतिक पाया आमच्या मते हाच होय.

सोनसोडोच्या ढिगाशेजारी राहणाऱ्या गोमंतकीयांना हे समजावून सांगावे लागणार नाही. येत्या मानवी हक्कदिनी भाषणे करण्यापूर्वी आपल्या नगरपालिकांनी आपला मैला कोण उपसतो आणि कचरा कोणाच्या वेशीवर पडतो, एवढे जाहीर करावे.