मजा आहे बुवा!

लोणावळ्यात जन्मलेल्या माणसाला एक वाक्य आयुष्यात किती वेळा ऐकावं लागतं, याची गणती अजून कोणी केलेली नाही. मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे, बेरजा मारण्यात माझी वीस वर्षं गेली. पण ही बेरीज माझ्याच्यानेही होत नाही. वाक्य असं: "तुम्ही कायम इथेच राहता? मजा आहे बुवा तुमची!"

बोलणाऱ्याच्या एका हातात मक्याचं कणीस असतं, दुसऱ्या हातात चिक्कीचा पुडा आणि पाठीमागे धुकं. त्या धुक्यात त्याला स्वर्ग दिसतो. मला जूनपासून सप्टेंबरपर्यंत न वाळणारं माझं बनियन दिसतं. कपाटातल्या कातडी पट्ट्यावर हिरवी बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी, दहा काड्या ओढल्या तर अकरावीलाही न पेटणारी काड्यापेटी, आणि शनिवारी कोथिंबिरीची जुडी आणायला बाहेर पडावं तर परगावच्या मोटारींच्या रांगेत जुडीची पार भाजी होईपर्यंत उभं राहणं. पण फोटोत बुरशी येत नाही. त्यामुळे आमची मजा आहे!

एवढं सोसलेल्या गावाने तरी दुसऱ्याचा फोटो बघून "मजा आहे" म्हणू नये, अशी माझी भाबडी समजूत होती. ती माझ्या पुतण्याच्या निमित्ताने सगळ्या गावाने मिळून खोटी पाडली.

पुतण्या म्हणजे ओम्या. थोरल्या भावाचा मुलगा. २०२४ च्या सप्टेंबरात तो एम.एस. करायला जर्मनीत केम्निट्झला गेला. हे नाव आमच्या आळीत अजून कोणाला धड उच्चारता येत नाही. १९५३ ते १९९० या काळात या गावाचं नाव कार्ल मार्क्स श्टाट होतं. नाव गेलं, पण मार्क्सचं सात मीटर उंचीचं ब्राँझचं डोकं १९७१ पासून भर चौकात आहे. नुसतं डोकं. खाली धड नाही, हात नाहीत, पाय नाहीत. मागच्या भिंतीवर कामगारांच्या एकजुटीची ती प्रसिद्ध घोषणा चार भाषांत कोरलेली. ओम्याने पहिला फोटो पाठवला तो या डोक्यापुढे उभं राहून. मी तो शाखेत दाखवला. आमच्या युनियनचे सेक्रेटरी गहिवरून म्हणाले, "पोरगं पुण्यवान!" मॅनेजर म्हणाले, "हात नसल्यावर काम कोण करणार? म्हणून एवढं शांत दिसतंय." आणि शिपायापासून कॅशियरपर्यंत सगळे एका सुरात म्हणाले, "मजा आहे बुवा त्याची!"

आता माझं भांडण ऐका.

ही मजा सुरू कुठून होते, ते मी माझ्या टेबलावर पाहिलेलं आहे. जर्मन सरकार म्हणतं, फी आम्ही फारशी घेत नाही, पण मुलगा इथे उपाशी मरणार नाही याचा पुरावा द्या. पुरावा म्हणजे वर्षाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात आधीच भरायचे. मग आपलेच पैसे आपल्याला महिन्याला ९९२ युरोप्रमाणे मिळणार. ही युक्ती आपल्या बँकांना कशी सुचली नाही, याचं मला व्यावसायिक दुःख आहे. हे झाले बारा लाखांच्या आसपास, शिवाय विमान, विमा, कपडे. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं असेल तर तारण लागतं. आमच्या शाखेत शेतजमीन त्याला चालत नाही, एन.ए. प्लॉट चालतो. दादाचा असा एकच प्लॉट कामशेतला होता. निवृत्त झाल्यावर तिथे घर बांधून पुढे जास्वंद लावायची, असं तो पंधरा वर्षं म्हणत होता. त्या जास्वंदीचे कागद मी स्वतः तपासले आणि जामीनदार म्हणून खाली सहीही मीच ठोकली. एवढं झाल्यावर ओम्याच्या फोटोत मला मार्क्सच्या डोक्याआधी कामशेतचा प्लॉट दिसतो.

आणि तिकडे रोजचं काय? रविवारी दुकानं बंद. शनिवारी दूध आणायला विसरलात तर सोमवारपर्यंत कोरा चहा. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही. आपल्याकडे दहानंतर वरातीला कुठे रंग चढतो! कचरा चार डब्यांत चार प्रकारे. घरात टीव्ही नसला तरी घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारणाची वर्गणी. डिसेंबरात दुपारी चारला अंधार. कणीस खाऊन झाल्यावर त्याचा बुरखुंडा गाडीच्या काचेतून भिरकावणाऱ्यांच्या गावात वाढलेला मुलगा तिथे दह्याचं झाकण पिवळ्या डब्यात की काळ्यात, यावर शेजाऱ्याची बोलणी खातो. एकदा फोडणीत मिरची जरा जास्त जळली, तर छतावरचा धुराचा भोंगा असा कोकलला की सगळा मजला जिन्यात. तेव्हापासून तो खिडकी उघडून, उणे पाच अंशात, कानटोपी घालून वरण फोडणीला टाकतो. मावळातला इंद्रायणी तांदूळ त्याला स्वप्नात दिसतो. तिथे मिळतो तो बासमती; त्याचा भात म्हणजे एकमेकांशी न बोलणारे नातेवाईक.

हे त्याने मला सांगितलं, घरी नाही. घरी तो रविवारी व्हिडिओवर येतो. वहिनी फोन उभा करते, शेजारच्या दोन बायका सहज म्हणून आलेल्या असतात, आणि वहिनी विचारते, "मजेत आहेस ना रे?" या प्रश्नाला उत्तर एकच असू शकतं. कोर्टात असला प्रश्न विचारला तर वकील उठून हरकत घेतो. साक्षीदाराच्या तोंडात उत्तर कोंबायचं आणि वर म्हणायचं, पोरगं खुशीत आहे हो! माझा आरोप एवढाच आहे: ही पोरं खोटं बोलत नाहीत, आपण त्यांच्याकडून वदवून घेतो. प्लॉट आपण गहाण टाकलेला असतो, त्याचं व्याज म्हणून आपल्याला दर आठवड्याला एक फोटो हवा असतो. पाठीमागे किल्ला, नाहीतर बर्फ. बर्फ झाडण्याचं फावडं फोटोच्या बाहेर.

ओम्या रात्री पार्सलांच्या गोदामात काम करतो. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे. २०२५ साली तिथलं किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीमागे दुकानात २५ सेंट परत मिळतात, त्या बाटल्या तो साठवून नेतो. लाज वाटण्यासारखं यात काय आहे? पण वहिनीने बायकांना सांगितलं, "लॉजिस्टिक्समध्ये आहे." म्हटलं, वहिनी, हमालीला हा शब्द फार सुंदर आहे, आपल्या स्टेशनवरच्या हमालांनाही कळवायला पाहिजे. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. हाच ओम्या इथे चहाचा कप उचलून मोरीत ठेवत नसे. "राहू दे, त्याचा अभ्यास आहे," असं म्हणत आपण तो उचलला. आता तो तिथे दुसऱ्यांची खोकी उचलतो, याचा अभिमान तरी वाटू द्या! छे. उचलायचं, पण आपल्या आळीला दिसेल असं नाही.

पूर्वी हे असं नव्हतं. आमच्याच मावळात, तळेगाव दाभाड्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बंगला आहे. १९२० ते २३ या काळात ते लंडनला शिकत होते. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं, असं धनंजय कीरांनी चरित्रात लिहिलं आहे. त्या पापडांवर जो ग्रंथ उभा राहिला, तो होता रुपयाच्या प्रश्नावर! आम्ही कॉमर्सवाले पोटभर जेवून परीक्षेपुरतं त्याचं नाव पाठ करतो. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या त्या कर्जावर, आणि खुद्द महर्षींचा विरोध असताना. ही माणसं मोठी होती म्हणून त्यांची भूक आपल्याला शोभिवंत वाटते. आपल्या पोराने भूक लागली म्हटलं की आपण आधी शेजारी बघतो, कोणी ऐकलं तर नाही ना.

दुसरी एक जात आहे, तिच्यावरही माझा राग आहे. ती म्हणते, "मग मरायला गेलाच कशाला? इथे काय कमी होतं?" कमी होतं म्हणूनच गेला. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र आणि प्रयोगशाळेतली यंत्रं कुलपात नसतात, हात लावायला असतात. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. एवढी सगळी पोरं मूर्ख असतील तर मूर्खपणा सोसायला त्यांनी फारच जर्मन व्याकरण पाठ केलं म्हणायचं. जाण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. जाऊन आलेला थकवा सांगायची चोरी आहे, त्याबद्दल आहे.

ती चोरी मला कळली ती बँकेच्या भाषेत. गेल्या ऑक्टोबरात ओम्याचा फोन आला, रविवार नसताना. म्हणाला, "काका, सहज विचारतो, कोर्स एक सेमिस्टर लांबला तर हप्ता कधी सुरू होतो?" वीस वर्षं कर्जाच्या टेबलाशेजारी बसलेल्या माणसाला "सहज" कळतं. मी म्हटलं, "किती विषय राहिले?" पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "दोन. एकात दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा गेला तर नाव काढून टाकतात. काका, बाबांना सांगू नका."

दिवाळीत वहिनीने मला फराळाच्या ताटाबरोबर आतल्या खोलीत नेलं. "भावोजी, पोराचा आवाज बरा नाही हो. काहीतरी अडलंय. यांना बोलू नका, बीपी आहे."

आणि भाऊबीज झाल्यावर दादा स्वतः शाखेत आला. पासबुक भरून घेतलं, ते भरून झाल्यावरही काउंटरपाशी उभाच. मग हळूच म्हणाला, "अरे, समजा पोराला थोडं जास्त लागलं, तर मुदत वाढते का? तुझ्या वहिनीला कळायला नको."

मुदतवाढीचा अर्ज एक पानी आहे. त्यावर मुख्य कर्जदार म्हणून ओम्याच्या वतीने मुखत्यार या नात्याने दादाची सही लागते, सहकर्जदार म्हणून दादाची आणि वहिनीची, आणि जामीनदार म्हणून माझी. कारणाच्या रकान्यात "मजा" लिहून चालत नाही. मी दोन छापील अर्ज घेतले, एक खाडाखोडीसाठी, आणि त्या रविवारी फोनच्या वेळेला दादाच्या घरी गेलो. शेजारच्या बायका सहज म्हणून आलेल्या होत्याच. त्यांना म्हटलं, आज बँकेचं काम आहे, जरा वेळाने या. त्या गेल्या. अर्ज मी फोनशेजारी ठेवला. ओम्या पडद्यावर आला, कानटोपी घालूनच. वहिनीने नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, अर्जाकडे बघितलं, आणि म्हणाली, "जेवलास का?"

"नाही," ओम्या म्हणाला.

दादाने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं.