पत्र्याखालचा फोन आणि कॉस्मियम

कारंजा म्हटले की विदर्भात पहिला प्रश्न ठरलेला: लाड की घाडगे? लाडांचे वाशिम जिल्ह्यात; घाडग्यांचे वर्धा जिल्ह्यात, नागपूर-अमरावती महामार्गावर, संत्र्याच्या बागांच्या पट्ट्यात. मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि तेव्हा घामाघूम होणारा माणूस एकटा नसतो. दहा-बारा हजारांचा फोन, बसस्टँडचा तापलेला पत्रा, सलग तिसरी मॅच. फोनची पाठ हाताला चटका देऊ लागते, प्रोसेसर जीव वाचवायला आपला वेग उतरवतो, फ्रेम गळू लागतात. नेमका समोरून गोळीबार सुरू होतो. खेळणारा म्हणतो, "गेम अटकून राह्यला ना बे!" आणि एक तारा देऊन मोकळा होतो.

'इंडस'च्या पदरात असे एकेक तारे पुष्कळ पडले. पुण्याच्या सुपरगेमिंगने २०२२ मध्ये जाहीर केलेला हा विज्ञानकथेच्या बाजाचा बॅटल रॉयल १६ ऑक्टोबर २०२४ रोजी अँड्रॉइड आणि आयफोनवर आला. त्याआधी नोंदणी करून वाट पाहणाऱ्यांचा आकडा एक कोटीच्या पुढे गेला होता. आल्यावर मात्र तक्रारींची रांग लागली: चित्र जुनाट, हालचाली ताठर, बंदुकीला वजन नाही, लॅग आणि मॅचमध्ये बॉटच बॉट. यातली बरीचशी टीका रास्त होती. ती खोडून काढण्याचा इथे इरादा नाही.

पण या मासिकाचा वाचक खेळ विकत घेणारा नव्हे, बनवणारा आहे. ग्राहकाने तारे मोजावेत. कारागिराने फसलेली वस्तू उलटी करून तिची शिवण पाहावी. 'इंडस'ची शिवण पाहण्यासारखी आहे.

बॅटल रॉयलचा जुना आजार सगळ्यांना ठाऊक आहे. बेटावर उतरायचे, लूट गोळा करायची, झोन आकसत जाईल तसे आत सरकायचे. ज्याचा नेम कच्चा, तो गवतात पालथा पडून राहतो. शेवटच्या दहांत येतो, कधी पाचांत. मग तिथे निष्णात नेमबाजाची गाठ पडते आणि पंचवीस मिनिटांची चिकाटी अर्ध्या सेकंदात संपते. लपणाऱ्याला शेवटपर्यंत पोचता येते, जिंकता येत नाही. पबजीपासून चालत आलेली ही रचना बहुतेकांनी जशीच्या तशी उचलली.

'इंडस'ने तिथे कॉस्मियम ठेवले. विरलोक नावाच्या बेटावर यक्ष नावाची प्राचीन, प्रगत जमात होऊन गेली, तिच्या या दुर्मीळ द्रव्यासाठी भाडोत्री मिथवॉकर तिथे उतरतात, अशी कथा. कथा जेमतेमच आहे. नियम मात्र फक्कड. सगळ्यांना संपवून शेवटचा उरलास तर जिंकलास, हे आहेच. पण अखेरच्या टप्प्यात प्रकट होणारे कॉस्मियम ज्याने ताब्यात घेतले त्याचीही मॅच, समोर कितीही जण जिवंत असोत.

कबड्डी खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. चढाईवाल्याला चार जणांनी धरले आहे, एकाने पाय आवळलाय, एक पाठीवर बसलाय. त्याला कुणालाही लोळवायचे नसते. दम टिकवून मध्यरेषेला बोट लावले की पुरे. कॉस्मियम ही अशी मध्यरेषा आहे. तिने लपणाऱ्याला एक डाव दिला आणि नेमबाजाला एक काळजी दिली. आता शेवटच्या वर्तुळात उंच जागा धरून बसणे पुरत नाही, कॉस्मियमकडे कोण सरकतोय यावरही डोळा ठेवावा लागतो. जिंकण्याची दुसरी वाट उघडली की नकाशा, आडोसे, धावण्याचा वेग, सगळ्यांचे अर्थ बदलतात. तक्रारींच्या गदारोळात या नियमाबद्दल फारच थोडे बोलले गेले, याचे आश्चर्य वाटते.

दुसरी गोष्ट पात्रांच्या नावांची आणि आकृत्यांची. बिग-गज, सर-ताज, मोर-नी, आद्या. कोट्या शाळकरी आहेत, कबूल. तरी कंपनीने ज्याला इंडो-फ्युचरिझम म्हटले त्यात एक व्यवहारी शहाणपण आहे. सहा इंची पडद्यावर, उन्हात, दूरचा शत्रू म्हणजे नखाएवढा ठिपका. तिथे बारीक नक्षी मातीमोल. बाह्याकृती तेवढी कामाची. हत्तीच्या रूपाचा धिप्पाड बिग-गज आणि मोराच्या रूपाची मोर-नी यांत घोटाळा होत नाही. २०११ मध्ये मुंबईच्या ट्राइन स्टुडिओने 'रा.वन' चित्रपटावरून प्लेस्टेशनसाठी खेळ केला, तेव्हा विज्ञानकथेचा चेहरा सिनेमातून आयता मिळाला होता. 'इंडस'ला तो घडवावा लागला.

बॉटबद्दलची ओरड तपासून घ्यायला हवी. दुपारी तीनला साधारण नेटवर्कवर मॅच भरायला माणसे कमी पडली तर दोनच पर्याय उरतात: खेळाडूला ताटकळत ठेवा किंवा बॉट सोडा. पबजी मोबाइलनेही बॉट सोडलेच. नवख्याच्या पहिल्या दोन-चार शिकारी बहुधा बॉटच्याच असतात आणि त्यामुळेच तो पाचवी मॅच लावतो. राग बॉट असण्याचा नसतो. ते शेतातल्या बुजगावण्यासारखे उभे राहतात, त्याचा असतो.

वेळेचे दुर्दैवही होते. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर, त्याच वर्षी जुलैत पबजीचा भारतीय अवतार बीजीएमआय ॲपच्या दुकानांतून उतरला. 'इंडस' घडत होता तेव्हा मैदान बरेचसे मोकळे होते. मे २०२३ मध्ये बीजीएमआय परतला. जवळपास दीड वर्षाने 'इंडस' दारात आला तेव्हा पाट मांडून, ताट वाढून घेऊन दुसराच बसलेला. 'देशी पबजी' हे बिरूद मग ओझे झाले, कारण तुलना रोज होणार आणि ती चकचकाटावर होणार.

अशा वेळी 'नो मॅन्स स्काय'चा दाखला हमखास निघतो. ऑगस्ट २०१६ मध्ये शिव्या खाल्लेल्या त्या खेळाला हॅलो गेम्सने फुकट अपडेट देत देत सावरले. २०१८ च्या 'नेक्स्ट'नंतर लोक परतले. दाखला खरा असला तरी इथे तो थोडा आडवा जातो. तिथे कौतुक झाले ते नंतर जोडलेल्या गोष्टींचे. कॉस्मियम नंतर सुचलेली मलमपट्टी नाही, ते खेळाच्या मुळातच आहे. झाकले ते तापलेल्या फोनने आणि गळणाऱ्या फ्रेमने.

त्यामुळे प्रश्न चाचणीच्या टेबलाशी येऊन थांबतो. वातानुकूलित खोलीत, चार्जरला लावलेल्या महागड्या फोनवर बिल्ड तपासला तर तो पासच होणार. सर्वांत स्वस्त फोन, चार्जर काढलेला, दुपारी दोन वाजता, सलग चार मॅच, आणि चौथीच्या शेवटच्या वर्तुळात कॉस्मियमकडे धावताना पडद्यावर किती फ्रेम उरतात याची वहीत नोंद, एवढे करायला हरकत नाही. पुण्याहून रात्री सुटलेली नागपूरची गाडी अमरावतीमार्गे गेली तर कारंजा (घाडगे) वाटेतच लागते.