आकडा तंबाखूचा, शेत भाताचे



प्रकाशसंश्लेषण सुधारलेल्या पिकांच्या बातम्या हल्ली मराठीतही येतात आणि त्यात ‘४० टक्के वाढ’ हा आकडा हमखास असतो. आमच्या वांगणी पट्ट्यात भातशेतीवाले तो वाचतात तेव्हा दोनच प्रतिक्रिया उमटतात. कोणाला वाटते, आता भाताचे दिवस पालटणार. कोणाला वाटते, हा बियाणे कंपन्यांचा नवा डाव. माझे म्हणणे दोघांहून वेगळे आहे. हे संशोधन आपल्या कामाचे आहे, पण ते कोकणच्या आभाळाखाली, सरकारी खर्चाने आणि आपल्याच वाणांवर व्हायला हवे.

आधी तो आकडा कशाचा ते पाहू. अमेरिकेतल्या इलिनॉय येथील संशोधकांनी २०१९ मध्ये तो जाहीर केला. पीक होते तंबाखू, कारण त्यात जनुक घालणे सोपे. वाढ होती झाडाच्या एकूण सुक्या वजनात, दाण्यात नव्हे. पानातले रुबिस्को हे विकर हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडते, पण साधारण चार वेळांत एकदा चुकून ऑक्सिजनच पकडते. ती चूक निस्तरण्यात झाडाची कमाई वाया जाते. यालाच प्रकाशश्वसन म्हणतात. त्या संशोधकांनी निस्तरण्याची वाट आखूड करून दिली, म्हणून तंबाखू जोमाने वाढला.

ही चूक ऊन तापले, पाण्याचा ताण पडला की वाढते. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, खाचरात पाणी उभे आणि आभाळ भरून आलेले असताना, आमच्या भाताची अडचण मुख्यतः उजेडाची असते. प्रकाशश्वसन कमी करून तेव्हा फार काही हाती लागणार नाही. फायदा दिसला तर तो गरव्या भाताला ऑक्टोबरच्या उन्हात दाणे भरताना दिसेल, किंवा कर्जतच्या राजनाला कालव्यावरच्या उन्हाळी भातात. हळवे, निमगरवे, गरवे, म्हणजे लवकर, मध्यम आणि उशिरा तयार होणारे भात, हा फरक इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. बातमीत मात्र तो कधीच नसतो.

पावसाळ्यासाठी मला त्याच इलिनॉयच्या गटाचे दुसरे काम जास्त मोलाचे वाटते. कडक ऊन पडले की पान जादा उजेड उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते, स्वतःला जपण्यासाठी. ढग आला तरी ही सवय लगेच सुटत नाही. काही मिनिटे पान हातचा उजेड फुकट घालवत राहते. श्रावणात बांधावर उभे राहिले तर पाचेक मिनिटांत ऊन, सावली, सर आणि पुन्हा ऊन असा खेळ दिसतो. त्या प्रत्येक खेपेला भाताचे पान उशिरा जागे होते. ही सावरण्याची क्रिया वेगवान केलेल्या तंबाखूचे वजन २०१६ मध्ये सुमारे १५ टक्के वाढलेले आढळले. पुढे सोयाबीनमध्येही हा प्रयोग झाला, आणि २०२२ मध्ये जे जाहीर झाले त्यात एका हंगामाचा निकाल चांगला होता. दुसऱ्या हंगामात पीक आडवे पडले आणि फायदा दिसेनासा झाला. परतीच्या पावसात लोळलेले भात ज्यांनी कापले आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

म्हणून माझी मागणी कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राकडे आहे. वांगणीहून लोकलने चौथे स्थानक. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे हे केंद्र. कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ हे वाण आणि ‘सह्याद्री’ हे संकरित भात तिथलेच. एवढी पुण्याई असलेल्या केंद्राने कोकणातले जुने-नवे वाण शेजारीशेजारी लावून, ढग आल्यावर कोणाचे पान लवकर सावरते, उन्हात कोणाचे कमी वाया जाते, हे मोजावे. यासाठी जनुक घालावे लागत नाही. मोजायची यंत्रे लागतात, आणि चारपाच हंगाम धीर लागतो.

जुन्या वाणांत काय असेल, असे कोणी विचारील. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, ते सर्व महाराष्ट्राने पाहिले. रुळांना पाणी लागले तेव्हा खाचरांचे काय झाले असेल याचा अंदाज करा. बुडालेले भात सुमारे दोन आठवडे तगवणारा ‘स्वर्णा-सब१’ हा वाण भारतात २००९ मध्ये आला. त्याचा गुण ओडिशाच्या एका जुन्या वाणातून, साध्या संकराने आणि खुणेच्या जनुकावर नजर ठेवून उतरवला होता. तेव्हा जुन्या वाणांत काय आहे हे न मोजताच त्यांना निकालात काढू नये.

दुसरी गोष्ट नाचणीची. मका, ज्वारी, ऊस आणि नाचणी ही पिके कार्बन डायऑक्साइड आधी साठवून मग रुबिस्कोच्या पुढ्यात ठेवतात, त्यामुळे प्रकाशश्वसनाची चूक त्यांच्यात जवळजवळ होतच नाही. ही वाट हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये उलगडली. भाताला तीच वाट शिकवण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००८ पासून चालू आहे, पण शेतकऱ्याच्या हाती अजून काही आलेले नाही. इकडे डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आयती होती, ती आपण सोडत आलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. नाचणी भाताची जागा घेईल असे मी म्हणत नाही. पाणी साचलेल्या खाचरात ती टिकणार नाही. पण उताराला तिच्याइतके सोयीचे पीक शोधायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही.

जनुकसंपादनाला माझा विरोध नाही. बाहेरचे जनुक न घालता केलेल्या अशा बदलांना केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये जुन्या कडक नियमांतून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये असे दोन भात वाण जाहीरही केले. ते कोकणात आणायचे असतील तर आधी कर्जतला, भरपावसात, किमान तीन खरीप हंगाम लावून पाहावेत. पीक आडवे पडले, तर तेही लिहावे. हे निकाल मराठीत, वाणवार, हळवे-गरवे वेगळे करून शिवारफेरीच्या दिवशी फलकावर लावावेत. आणि ज्या वर्षी काहीच वाढ मिळाली नाही त्या वर्षीचा फलकही काढू नये.

– एक वाचक, वांगणी