मिस्त्रींच्या काड्या

"डॉक्टर, तुम्हीच सांगा बाबांना. आमचं ऐकत नाहीत." ही तक्रार घेऊन येणारी मुले मला नवीन नाहीत. तंबाखू, पथ्य, चुकवलेल्या गोळ्या, यापलीकडे ती सहसा जात नाही. 2023 च्या दिवाळीनंतर आलेल्या एका मुलाचे गाऱ्हाणे मात्र निराळे होते. त्याचे वडील घरात काडेपेटीच्या काड्यांचे रॉकेट बांधत होते!

वडील म्हणजे एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. गाव त्यांना मिस्त्रीच म्हणते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते. पाय बराच सुधारला, हात मात्र रेंगाळला. शर्टाचे बटण लागेना, सही वळेना. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू पंधरा दिवसांत नातवाकडे गेला. पुढे 23 ऑगस्टला चांद्रयान-3 चंद्रावर उतरताना त्यांनी टीव्हीवर पाहिले आणि ते यान नेणारे रॉकेट आपण करायचे, असे या गृहस्थांनी ठरवले.

खरे रॉकेट साडेत्रेचाळीस मीटर उंच. मिस्त्रींनी प्रमाण धरले वीसास एक, म्हणजे सात फुटांच्या वर मॉडेल. मधला चार मीटर व्यासाचा भाग वीस सेंटिमीटरचा झाला. काडी सुमारे दोन मिलिमीटर जाड. हिशेब करून पाहा, नुसत्या एका वेढ्याला तीनशेवर काड्या उभ्या लावाव्या लागतात, आणि असे वेढे एकावर एक पन्नासेक. शिवाय बाजूचे दोन बूस्टर वेगळेच.

मी घरी जाऊन पाहिले. मिस्त्री स्टुलावर पाठीचे धनुष्य करून बसलेले, उजेड मिणमिणता. ब्लेडने कापलेल्या काड्यांचे वाटीभर गुल कोनाड्यात, आणि त्यापासून हातभर अंतरावर देवापुढची समई! मी भडकलो. "मिस्त्री, या वयात हे काय पोरखेळ? बंद करा," असे मुलासुनेदेखत सुनावले. त्यांनी वाद घातला नाही. त्या पिढीची माणसे डॉक्टरचा शब्द मोडत नाहीत. सामान माळ्यावर गेले आणि घरात शांतता झाली.

तीन महिन्यांनी मुलगा परत आला. बाबा बोलत नाहीत, जेवण निम्म्यावर आले, गोळ्या उशीखाली सापडतात. रक्तदाब चढलेला होता आणि बोटे पुन्हा आखडू लागली होती. "पूर्वी निदान काड्यांवरून भांडायचे तरी," मुलगा म्हणाला.

चूक माझी होती. मी वाटी उचलायला सांगायला हवे होते. मी माणसाचे कामच उचलले.

पक्षाघातात मेंदूचा काही भाग निकामी होतो. ते काम शेजारचे भाग थोडेफार शिकतात, पण त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आणि ती नुसती कवायत नसून काही कामाची असेल तर अधिक चांगले. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत काडी धरणे, डिंकात बुडवणे, जागेवर टेकवून दाबून ठेवणे, यापेक्षा चांगला व्यायाम मी कुठल्या कागदावर लिहून देणार होतो? चेंडू दाबून काहीच तयार होत नाही. मिस्त्रींचा एक वेढा पुरा झाला की दिसत होता. दुसरे म्हणजे पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येते. घरच्यांना तो हट्टीपणा किंवा आळस वाटतो. माझ्यासारख्या एम.बी.बी.एस.लाही वाटतो, हे कबूल करतो.

काड्यांनी पक्षाघात बरा होतो, असे कृपया कोणी वाचू नये. मिस्त्रींना मी नैराश्याचे औषधही दिले आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुनेच्या ताब्यात दिल्या. माळ्यावरचे सामान मात्र त्याच दिवशी खाली आणवले.

असले वेड जगात एकट्या मिस्त्रींचे नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या पॅट्रिक ॲक्टन यांनी 1977 मध्ये काड्यांचे एक छोटे चर्च केले आणि पुढे अंतराळयानांपर्यंत मजल मारली. ग्लॅडब्रूक गावात त्यांच्या कामाचे संग्रहालय आहे. फ्रान्सच्या रिशार प्लो यांनी आठ वर्षे खपून 7,06,900 काड्यांचा सात मीटरवर उंच आयफेल टॉवर केला. सुरुवातीला ते एकेक गुल कापत. मग कंटाळून त्यांनी कारखान्यातूनच बिनगुलाच्या काड्या मागवल्या. त्या काड्या बाजारात मिळत नाहीत, म्हणून 2024 मध्ये गिनेसने आधी विक्रम नाकारला आणि नंतर मान्य केला.

विक्रमाचे काहीही होवो, डॉक्टर म्हणून मी बिनगुलाच्या काड्यांच्याच बाजूचा. गुलात पोटॅशियम क्लोरेट असते. एक काडी भुर्रकन पेटून विझते, पण वाटीभर गुल पेटले तर भडकाच. पोरे हे गुल नळीत ठासून 'बाण' उडवतात आणि बोटे, डोळे गमावतात. हस्तकलेच्या दुकानांत साध्या काड्या मिळतात, त्याच आणाव्यात. पांढरा पाण्यात मिसळणारा डिंक बरा. झटपट चिकटणाऱ्याने बोटे जोडली गेली तर ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. डोळ्यात गेला तर पापण्या जबरदस्तीने न उघडता डॉक्टरकडे जावे. घासकाम उघड्यावर, नाकाला रुमाल बांधून. काम छातीच्या उंचीला, उजेड भरपूर, आणि अर्ध्या तासाने उठून अंगणात एक फेरी. मिस्त्रींसाठी मी सुनेला गजर लावायला सांगितला आहे. तो वाजला की ते मला शिव्या घालतात, असे कळते.

बटण आता लागते. सही बँकेने मान्य केली, थोडी वाकडी आहे. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा टोकाकडचा फुगीर भाग चालू होता. मी दाराकडे बघून म्हटले, "मिस्त्री, दार साडेसहा फुटांचं. हे बाहेर कसं काढणार?"

"टप्पे सुटे आहेत, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "खऱ्याचेही सुटेच असतात."