शाळेतील भ्रमणध्वनी : निषेध, अनुज्ञा की पथ्य?

शालेय वयातील मुलामुलींनी शाळेत मोबाईल फोन आणावा की आणू नये, हा प्रश्न वरकरणी मुख्याध्यापकांच्या आणि शिक्षण खात्याच्या अखत्यारीतील वाटतो. वैद्यांच्या मुखपत्रात त्याची चर्चा कशासाठी, अशी शंका काही वाचकबंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु चौदा-पंधरा वर्षांचे मूल शिरःशूल, डोळ्यांची जळजळ, मंदावलेली भूक आणि अभ्यासात लक्ष न लागणे अशा तक्रारी घेऊन चिकित्सालयात येते, तेव्हा आपण त्याच्या आहाराची चौकशी करतो, मलमूत्रप्रवृत्ती विचारतो; आणि निद्रेविषयी विचारू लागलो की आई मुलाकडे व मूल जमिनीकडे पाहू लागते. धानोऱ्यासारख्या ग्रामीण भागातही हा अनुभव आता अपवादात्मक राहिलेला नाही. ज्या व्याधीचा हेतू इतका उघड आहे, त्याविषयी वैद्याने मौन बाळगावे हे आम्हास उचित वाटत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 'असर' या संस्थेच्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असे आढळले. त्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात त्याचा उपयोग काहीएक शिक्षणासाठी केला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे ग्रामीण मुलांच्या हाती फोन द्यावा की नाही, हा वाद आता कालबाह्य झाला आहे. फोन त्यांच्या हाती पोहोचलेला आहे. तो कोठे, किती वेळ आणि कोणाच्या देखरेखीखाली असावा, एवढाच प्रश्न उरतो.

जगातील अनेक देशांनी या प्रश्नाचे उत्तर निषेधाच्या दिशेने दिले आहे. फ्रान्सने २०१८ साली कायद्याने शाळांतील फोनचा वापर थांबविला. युनेस्कोच्या माहितीनुसार २०२३ अखेर ६० आणि २०२४ अखेर ७९ शिक्षणव्यवस्थांनी शाळांत फोनवर बंदी आणली होती. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात थोडा निराळा विचार मांडला. शाळेत स्मार्टफोन नेण्यास सरसकट मज्जाव करणे इष्ट नाही आणि व्यवहार्यही नाही. शक्य तेथे फोन शाळेत जमा करून घ्यावा, वर्गात व शाळेच्या वाहनात वापरू देऊ नये, छायाचित्रण करू देऊ नये आणि पालक-शिक्षकांशी विचारविनिमय करून शाळेने धोरण ठरवावे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. फोन नेणे आणि फोन वापरणे या दोन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या केल्या, ही बाब आम्हास महत्त्वाची वाटते.

शास्त्रदृष्टी

आता आपल्या शास्त्राकडे वळू. रोगांचे त्रिविध हेतू आपणा सर्वांस परिचित आहेत : असात्म्येंद्रियार्थसंयोग, प्रज्ञापराध आणि परिणाम. पैकी पहिल्याचे अतियोग, अयोग व मिथ्यायोग असे तीन प्रकार चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात विशद केले आहेत. नेत्रांच्या संदर्भात अतिशय तेजस्वी वस्तू अतिमात्र पाहणे हा अतियोग होय. अतिसमीप वस्तू पाहणे, तसेच भयंकर, अद्भुत, बीभत्स व विकृत रूपे पाहणे हा मिथ्यायोग होय. वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. वितभर अंतरावर धरलेला प्रकाशमान पडदा आणि त्यावर बोटाच्या एका हालचालीसरशी एकामागून एक सरकणारी अद्भुत, भीषण व ओंगळ दृश्ये, याहून या वर्णनास चपखल असे दुसरे उदाहरण आमच्या तरी डोळ्यांसमोर येत नाही. आचार्यांना फोन ठाऊक होता असले पोकळ अभिमानाचे विधान आम्हास करावयाचे नाही. इंद्रियांचा विषयांशी संबंध किती व कसा असावा याचा नियम त्यांनी सांगितला आणि तो नियम नव्या वस्तूलाही लागू पडतो, इतकेच.

दुसरा मुद्दा निद्रेचा. आहार, स्वप्न आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ. रात्रीजागरणाने रूक्षता व वातवृद्धी होते, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवितो. वाढीच्या वयात हा दुसरा स्तंभ खचला तर पहिलाही डळमळतो. रात्री एक वाजता झोपलेल्या मुलाला सकाळी भूक लागत नाही आणि ते उपाशीपोटीच शाळेत येते. कुपोषण हा शब्द ज्या जिल्ह्याच्या नावास वर्षानुवर्षे चिकटून राहिला आहे, तेथे ही गोष्ट किरकोळ मानता येणार नाही.

तिसरा मुद्दा वयाचा. सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात आणि त्यापुढे तीस वर्षांपर्यंत धातूंची वृद्धी होत असताना मन बहुधा अनवस्थित असते, असे विमानस्थानात म्हटले आहे. अनवस्थित सत्त्वाच्या मुलाने स्वतःच्या निग्रहाने फोन बाजूस ठेवावा ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी आहे. जेथे मुलाचा निग्रह अपुरा पडतो तेथे घराने व शाळेने त्याला आधार दिला पाहिजे.

दुसरी बाजू

असे असले तरी केवळ निषेधाचा घोष करून आपले कर्तव्य संपते, असे आम्ही मानीत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचा उपयोग रूढ करण्याच्या कार्याबद्दलही होता. म्हणजे पुस्तकाचे पानच विद्यार्थ्याकडे फोनची मागणी करू लागले. पुढे महामारीच्या काळात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे म्हणत अवघे शिक्षण फोनवर नेण्यात आले. त्या वेळी सातपुड्यातील कित्येक पाड्यांवर रेंज नव्हती आणि कित्येक घरांत फोनही नव्हता. ज्या पालकांनी गाठीचे पैसे मोडून अथवा उसनवार करून शिक्षणासाठी मुलाच्या हाती फोन दिला, त्यांनाच आज आपण 'मुलाला फोन का दिला?' असा जाब विचारतो. हा न्याय नव्हे.

आमच्या जिल्ह्याची स्थिती तर आणखी वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. अनेक मुले आश्रमशाळांत व वसतिगृहांत राहून शिकतात. दिवाळीनंतर त्यांचे आईवडील ऊसतोडीसाठी किंवा अन्य मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पुण्या-मुंबईच्या मुलाच्या दप्तरातील फोन आणि या मुलाला हवा असलेला फोन यांत महदंतर आहे. पहिल्याला तो करमणुकीसाठी हवा असतो. दुसऱ्याला आईचा आवाज ऐकण्यासाठी. याच भागात सिकलसेलचे रुग्णही आहेत. अशा एखाद्या मुलीला वसतिगृहात मध्यरात्री वेदनांचा वेग आला, तर शेकडो कोसांवरील पालकांपर्यंत निरोप जाण्यास फोनवाचून दुसरे साधन नाही. 'शाळेत फोन नको' हे तीन शब्द एकाच मापाने सर्वत्र लावले, तर त्याचा सर्वाधिक जाच ज्यांचा अपराध सर्वांत कमी अशा मुलांना होईल.

निषेधाच्या परिणामांविषयीही अतिशयोक्ती करू नये. इंग्लंडमधील काही शाळांच्या अभ्यासात २०१५ साली असे दिसले की, बंदीनंतर परीक्षेतील गुण सुधारले ते प्रामुख्याने अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे. उलट बर्मिंगहॅम विद्यापीठाने ३० शाळांतील १,२२७ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध केला. त्यात बंदी असलेल्या व नसलेल्या शाळांतील मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ज्या मुलांचा फोनवरील एकूण वेळ अधिक, त्यांची निद्रा, मनःस्वास्थ्य व वर्गातील वर्तन तुलनेने खालावलेले दिसले. या दोन्हींचा मेळ घातल्यास अर्थ असा निघतो की, शाळेच्या सहा तासांतील निषेध अध्ययनास, विशेषतः दुबळ्या विद्यार्थ्यास, उपकारक ठरू शकतो. पण स्वास्थ्याचा निर्णय उरलेल्या अठरा तासांत, म्हणजे घरी होतो.

पादांशिक क्रम

घरचा हा प्रश्न सोडविण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रातच झाला आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक प्रथा सुरू केली. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजला की घराघरांतील दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद होत, मुले अभ्यासाला बसत आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत हा नियम पाळला जाई. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास पूर्ण बंदी करण्याचा ठराव केला. दोन्ही गावांची कळकळ सारखीच. तथापि वैद्याच्या दृष्टीने या दोन मार्गांत भेद आहे.

अंगवळणी पडलेले अहित एकदम सोडू नये, ते पादांशाने कमी करीत जावे आणि त्याच्या जागी हितकर गोष्टीचे सेवन त्याच क्रमाने वाढवावे, असा उपदेश चरकसूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात आहे. व्यसनी रुग्णाच्या बाबतीत आपण हा क्रम कटाक्षाने पाळतो. मग चार तास फोन पाहणाऱ्या मुलाच्या हातून तो एका दिवसात हिसकावून घेण्याचा सल्ला आपण कसा देतो? वडगावच्या भोंग्याने दीड तास मागितला आणि त्या दीड तासात अभ्यास ठेवला. शिवाय तो नियम आईवडिलांनाही लागू केला. ओकसात्म्य झालेली वस्तू सोडविण्याची हीच शास्त्रीय रीत होय. सरसकट बंदीत सोडावयाचे काय ते सांगितले जाते, धरावयाचे काय ते सांगितले जात नाही.

येथे कोणी विचारील की, मग शाळेतही पादांशिक क्रमच का नको? आमचे उत्तर असे की, वर्गात बसून फोन पाहणे हे आमच्या भागातील बहुतेक मुलांना अद्याप सात्म्य झालेले नाही. जे अंगवळणी पडलेलेच नाही, ते प्रथमपासूनच वर्ज्य करणे सुकर असते. म्हणून शाळेत निषेध आणि घरी क्रमशः त्याग यांत विसंगती नाही.

आमचे मत

या सर्व विचारान्ती आमचे मत आम्ही स्पष्टपणे मांडतो. शाळेच्या वेळेत विद्यार्थ्याच्या हाती स्वतःचा फोन नसावा; आणलाच तर तो सकाळी जमा व्हावा आणि सुटीनंतर परत मिळावा. हाच नियम वर्गात शिकविणाऱ्या गुरुजनांनीही पाळावा, कारण आचार पाहून शिकला जातो, फलक वाचून नव्हे. पाठ्यपुस्तकातील कोडसाठी जे साधन लागेल ते शाळेचे असावे आणि सर्वांनी मिळून पाहावे; त्याचा भार पालकाच्या खिशावर पडू नये. प्रत्येक निवासी शाळेत मुलांना पालकांशी बोलण्यासाठी सायंकाळची ठराविक वेळ व एक सामायिक फोन असावा आणि आजारपणात तो रात्रीही उपलब्ध व्हावा. या सोयीवाचून निवासी शाळेत केलेली बंदी आम्हास मान्य नाही.

आणखी एक सूचना. चीनमधील ग्वांगझू शहरातील बारा शाळांपैकी सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक मोकळ्या हवेत नेले असता, तीन वर्षांत निकटदृष्टिदोष जडलेल्या मुलांचे प्रमाण नेहमीच्या शाळांतील ३९.५ टक्क्यांच्या तुलनेत ३०.४ टक्के राहिले, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. फोन काढून घेतलेला हात रिकामा ठेवू नये. खेळाचा तास वेळापत्रकात असतो. तो मैदानावरही असावा, एवढेच आमचे मागणे आहे.

शेवटी आपल्या व्यवसायाविषयी दोन शब्द. परीक्षा जवळ आली की स्मरणशक्तीच्या औषधांची मागणी वाढते. मेध्य द्रव्यांचे गुण आम्हास मान्य आहेत. परंतु मूल रात्री किती वाजता झोपते हे न विचारता ब्राह्मीचा कल्प लिहून देणारा वैद्य निदानपरिवर्जनाचा पहिलाच धडा विसरतो, आणि पालकाच्या मनात मात्र औषध चालू आहे तर फोनही चालू द्यावा असा समज दृढ करतो. म्हणून सर्व वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती आहे की, वय वर्षे दहा ते अठरा या प्रत्येक रुग्णाच्या पत्रकात आहार व मलप्रवृत्तीच्या शेजारी निद्रेची वेळ आणि फोनचा काळ यांचीही नोंद करावी. पथ्य सांगताना पहिला पादांश कोणता सोडावयाचा हे मुलाला स्वतःला ठरवू द्यावे आणि पुढील भेटीत त्याची विचारपूस करावी. आपल्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे हा विषय मांडण्यासही कोणी वैद्याला मनाई केलेली नाही. औषधापूर्वी पथ्य सांगण्याचा आपला अधिकार जुना आहे. या नव्या अपथ्यापुढे तो आपण सोडून देऊ नये.